'जीमॅट'चा सराव : प्रश्न निवडावेत कसे?

परदेशातील व्यवस्थापन संस्थांमध्ये, तसेच आपल्याकडे इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेत प्रवेशासाठी 'जीमॅट' परीक्षेचे गुण ग्राह्य धरले जातात. सरावाच्या पुस्तकांची बाजारात वानवा नाही. अडचण आहे ती निवडीची. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या उमेदवाराचे चुकीच्या प्रश्नांवर खर्ची पडलेले दोन-तीन महिने भरून निघत नाहीत.

जुनी पुस्तके जपून वापरा

नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेचे नवे स्वरूप आले आणि जानेवारी २०२४ अखेर जुने बंद झाले. आता क्वांटिटेटिव्ह (२१ प्रश्न), व्हर्बल (२३) आणि डेटा इनसाइट्स (२०) असे तीन विभाग असून प्रत्येकास ४५ मिनिटे मिळतात. वाक्यदुरुस्ती, निबंध आणि भूमिती वगळण्यात आली आहे. त्यामुळे पुण्यातील अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळालेल्या जुन्या पुस्तकातील अंकगणित, बीजगणित, उताऱ्यावरील प्रश्न व तर्कविचार एवढेच घ्यावे. तक्ते व आलेखांवरील प्रश्नांसाठी मात्र नवे साहित्यच हवे.

चांगला प्रश्न कसा ओळखावा?

क्वांटिटेटिव्ह विभागात कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. साहजिकच ज्या प्रश्नात लांबलचक आकडेमोडीखेरीज मार्ग नसतो, तो या परीक्षेच्या धाटणीचा नव्हे. डेटा सफिशियन्सीचे उदाहरण पाहा. 'क्ष ही धन संख्या आहे काय?' पहिले विधान : क्षचा वर्ग ९ आहे. दुसरे विधान : क्षचा घन २७ आहे. पहिल्यावरून क्ष ३ किंवा उणे ३ असू शकतो. दुसऱ्यावरून तो ३ च ठरतो. म्हणजे दुसरे विधान एकटे पुरेसे आहे. येथे कस लागतो तो विचाराचा. तर्कविचाराच्या प्रश्नात दोन पर्याय सारखेच बरोबर वाटत असतील आणि स्पष्टीकरणातूनही फरक उलगडत नसेल, तर तो प्रश्न सोडून द्यावा.

अधिकृत संच राखून ठेवा

परीक्षा घेणाऱ्या 'जीमॅक' संस्थेचे प्रश्न सर्वांत भरवशाचे. पण त्यांची संख्या मर्यादित असते. संस्थेच्या पहिल्या दोन सराव परीक्षा विनामूल्य आहेत. एक आरंभी देऊन आपली पातळी जाणून घ्यावी, दुसरी अखेरच्या टप्प्यासाठी ठेवावी. सोडवलेलेच प्रश्न पुन्हा आले, की गुण वाढतात. तयारी वाढतेच असे नाही. पायाभूत संकल्पनांसाठी अन्य प्रकाशनांची पुस्तके चालतील.

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची वहीत नोंद करावी : संकल्पना कच्ची होती, वाचनात घाई झाली की वेळ अपुरा पडला? पुढचे प्रश्न याच नोंदींवरून निवडावेत. रोज पन्नास प्रश्न उरकण्यापेक्षा पंधरा प्रश्न सोडवून त्यांची कारणमीमांसा करणे अधिक फलदायी ठरते.