परसांतली कोंबडी, हळद आणि मानमोडी

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत घोड्यांची आणि बैलांची गणती पुष्कळ आढळते. घोडा हा फौजेचा आधार आणि बैल हा शेतसाऱ्याचा; म्हणून दोघेही कागदावर चढले. परंतु सातारा-सांगलीकडील खेड्यांत घरामागच्या खुराड्यांत ज्या पांच-दहा कोंबड्या पिढ्यान् पिढ्या नांदल्या, त्यांची दखल दप्तरांत क्वचितच घेतली गेली. याचें एक कारण असें कीं, कोंबडी ही घरच्या बाईची मिळकत. अंड्यांचे चार पैसे मीठमिरचीला किंवा मुलाच्या पाटी-पेन्सिलीला लागत, आणि त्यांचा हिशेब कारभारी माणूस सहसा मागत नसे. दुसरें कारण धर्मशास्त्राचें. मनुस्मृतींत द्विजांना ग्रामकुक्कुट वर्ज्य सांगितला आहे. चरकसंहितेनें कुक्कुटमांसाची गणना बल वाढविणाऱ्या पदार्थांत केली असली, तरी ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या अंगणांत कोंबडीला थारा नव्हता. अर्थात् जिची नोंद नाहीं, तिच्या आजाराची आणि शुश्रूषेची नोंद कोठून असणार? ती विद्या सासूकडून सुनेकडे तोंडींच चालत आली.

हा मुलूख एकसारखा नाहीं. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी, पाटण हा सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा भाग. मध्यें कृष्णाकांठची काळी जमीन. आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा टापू. सांगली जिल्हाही तसा अलीकडचाच. १९४९ सालीं संस्थानांच्या विलीनीकरणाबरोबर सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे भाग झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. कोंबडीच्या रोगांना मात्र या सीमा कधींच ठाऊक नव्हत्या. डोंगरी भागांत ओलीमुळें पिलांना रक्ती हगवण लागे. माळावरच्या उन्हाळ्यांत उवा व गोचिडी जडत. आणि डांसांच्या दिवसांत देवीची साथ दोन्हीकडे फिरे.

आजारी कोंबडी ओळखण्याची खूण सर्वत्र एकच. सकाळीं खुराड्याचें दार उघडलें कीं धडधाकट कोंबडी दाण्यावर झेंप घेते. जी पिसें फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यांत उभी राहते, तिचें कांहीं तरी बिघडलें आहे असें जाणती बाई समजते. अशा कोंबडीला ती प्रथम डालग्याखालीं झांकून वेगळी ठेवते. चुलीची ऊब लागेल, पण धूर लागणार नाहीं, अशी जागा ती तिला देते. ज्वारीच्या मऊ कण्या, थोडें ताक, ठेचलेली लसणाची पाकळी आणि स्वच्छ पाणी, एवढाच तिचा पथ्याहार. उवा झाल्या असतील तर चुलींतली थंड राख आणि बारीक कोरडी माती खळग्यांत घालून ठेवावयाची. कोंबडी आपण होऊनच तींत लोळते. या कोरड्या भुकटीनें उवांच्या अंगावरचें मेणचट आवरण खरडलें जातें आणि त्या सुकून मरतात. खुराड्याच्या फटींत लपलेल्या गोचिडींवर हा उपाय पुरा पडत नाहीं. त्यासाठीं भिंती लिंपाव्या लागतात. सीताफळाच्या बियांची पूडही उवांवर चालते, परंतु ती डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते, हें जाणून बायका ती जपून वापरीत.

या सर्व उपचारांत अग्रस्थान हळदीचें. सांगली ही हळदीची नामांकित बाजारपेठ. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथें जमिनीच्या पोटांत खणलेल्या पेवांत हळद साठवीत. आंत हवा खेळत नसल्यामुळें कीड लागत नसे. २००५ च्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी केलीं. पुढें २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें. जखमेवर हळद लावण्याची ही घरगुती रीत एकदां जगाच्या चव्हाट्यावरही आली होती. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीच्या या गुणावर पेटंट दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्याला हरकत घेतली, ही विद्या भारतांत जुनीच असल्याचा लेखी पुरावा दिला, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. माणसाच्या जखमेवरच्या हळदीला ग्रंथांचा आधार सांपडला. कोंबडीच्या जखमेवर तीच हळद खोबरेल तेलांत कालवून लावणारी बाई मात्र कोणत्याही ग्रंथांत नाहीं.

कोंबडीच्या रोगांना खेड्यांत माणसांच्या रोगांचींच नांवें आहेत, ही गोष्टही लक्षांत घेण्यासारखी आहे. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवतीं फोड उठले कीं ती ‘देवी’. माणसांना देवी आल्या म्हणजे घराला कडुलिंबाचा डहाळा लावीत. तोच पाला वाटून, हळद घालून, कोंबडीच्या खपल्यांना लावीत. दोन्ही रोगांचे विषाणू एका कुळांतले असले, तरी कोंबडीच्या देवी माणसाला लागत नाहींत. हा रोग कातडीपुरताच राहिला तर बहुधा तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. लेपानें खपल्या मऊ पडतात आणि जखम चिघळण्याचा संभव कमी होतो, हें खरें. परंतु बरें होण्याचें बरेंचसें श्रेय निसर्गाकडे जातें. घशांत फोड उठले तर तेथें लेप पोंचत नाहीं आणि कोंबडी गुदमरून मरते. घरगुती औषधाची कीर्ति अशी थोडी औषधाच्या गुणावर, थोडी शुश्रूषेवर आणि थोडी रोगाच्या सौम्यपणावर उभी होती.

ही कीर्ति जेथें कोसळली तो रोग म्हणजे मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रांत लोक ‘मानमोडी’च म्हणत. कोंबड्यांच्या मानमोडींत मान अक्षरशः पिळवटते, पाय व पंख लुळे पडतात, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा होते, श्वास घरघरतो. आणि आज एक, उद्यां चार, असें करतां करतां आठवड्याभरांत सगळें खुराडें रिकामें होतें. लसूण, हळद, कांदा, कडुलिंब यांपैकीं कशाचाही तिच्यावर इलाज चालत नाहीं. शहरांतील औषधांचाही चालत नाहीं. आजही या रोगावर रोग बरा करणारें औषध नाहीं.

या रोगाचा शास्त्रीय शोध उशिरां लागला. वस्तुतः कोंबडीचा रोग हाच आधुनिक लसीकरणाच्या पायाशीं होता. १८८० च्या सुमारास फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतु प्रयोगशाळेंत निर्बल करून त्यांचीच लस बनविली. आपल्याकडे १८८६ सालीं मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें, १८८९ सालीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि ती १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविली गेली. सरकारचें लक्ष मुख्यतः घोड्यांकडे आणि गुरांच्या बुळकांडीकडे होतें. १९२६ सालीं जावा बेटांत आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें कोंबड्यांची एक भयंकर सांथ दिसली. १९२७ सालीं कुमाऊंमधील राणीखेत येथेंही ती आढळली. मुक्तेश्वरच्या संस्थेचे एडवर्ड्स यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि हिंदुस्थानांत त्या रोगाला ‘राणीखेत’ हें नांव पडलें. मुक्तेश्वरलाच १९४० नंतरच्या दशकांत तिच्यावरील लस तयार झाली.

म्हणजे उपाय निघाला. परंतु तो परसापर्यंत सहजासहजीं पोंचला नाहीं. लस थंड ठेवावी लागते. एका कुपींत शंभर किंवा त्याहून अधिक कोंबड्यांची मात्रा असते, आणि ती एकदां पातळ केली म्हणजे थोड्या वेळांत संपवावी लागते. हजारों कोंबड्यांच्या मालकाला यांत अडचण नाहीं. पांच कोंबड्यांच्या मालकिणीला तें परवडत नाहीं. पुढें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं उष्णतेंत टिकणाऱ्या लसी खास खेड्यांतील कोंबड्यांसाठीं तयार केल्या, त्या याच अडचणीमुळें. साताऱ्याजवळ शिरवळ येथें १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तज्ज्ञ आतां दूर राहिले नाहींत; तरी एकट्या खुराड्याचा हिशेब अजून जमत नाहीं.

येथेंच जुन्या विद्येची मर्यादा स्पष्ट दिसते. हळदीचा लेप, राखेचें स्नान, डालग्याखालचा विसांवा हीं सारीं एका घराचीं कामें आहेत. मानमोडी ही घराघरांतून, वाटेवरून, बाजारांतून फिरते. सांथ आली म्हणजे ‘मरण्यापूर्वीं चार पैसे तरी येतील’ म्हणून कोंबड्या आठवड्याच्या बाजारांत नेण्याची जी घाई होते, तिनेंच रोग पुढच्या गांवीं जातो. गरिबाचा हा नाइलाज आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु एका खुराड्याची वांचविलेली रक्कम दुसऱ्या दहा खुराड्यांना भोंवते. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां तर हा प्रश्न माणसांच्या जिवापर्यंत येऊन ठेपला. म्हणून पुष्कळ पक्षी एकदम मरूं लागले तर घरचें औषध बाजूस ठेवून पशुवैद्याला कळविणें, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनीं न शिवणें आणि ते उकिरड्यावर न टाकणें, हेंच शहाणपण.

यावरून जुनी विद्या टाकाऊ ठरत नाहीं. आजारी पक्षी प्रथम वेगळा करावा, त्याला ऊब व कोरडी जागा द्यावी, पाणी स्वच्छ ठेवावें, हीं तत्त्वें कोणताही पशुवैद्य आजही सांगेल. डालग्याखालीं तीं केव्हांपासूनच पाळलीं जात होतीं. उणीव एवढीच होती कीं, सांथीचा विचार गल्लीनें मिळून करावयाचा असतो. पिलें सात दिवसांचीं झालीं कीं डोळ्यांत किंवा नाकांत लसीचा थेंब, आणि दीड-दोन महिन्यांनीं टोंचणी, एवढें काम दहा-वीस घरांनीं एकाच दिवशीं करावयाचें ठरविलें तर शंभर मात्रांची एक कुपी वांयां जात नाहीं आणि कोणालाही जड होत नाहीं. जिच्या पदराच्या गांठींतले पैसे या कोंबड्यांवर अवलंबून आहेत, तिला हळदीचा गुण शिकविण्याची गरज नाहीं. तिच्या दारीं त्या दिवशीं ती कुपी पोंचली पाहिजे.