शीड, टेरिलीन आणि दोनशे पौंड

मंडळी, मागचा शनिवार एका जुन्या शिडाला ठिगळं लावण्यात गेला. सुई चार वेळा बोटात घुसली. असो.

सध्या मी ऑनसाइट, साउदॅम्प्टनला. ऑफिसातल्या दोघांबरोबर भागीत एक जुनी बोट घेतली आहे. वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटी, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. बोट ठणठणीत, पण मोठं शीड पार लुळं. वारा भरला की पिशवीसारखं फुगतं; बोट कलते जास्त, पुढे जाते कमी. नव्या शिडाचा भाव हजार पौंडांच्या वर! तिघांपैकी एक म्हणाला, "विकूनच टाकू." माझ्या पोटात खड्डा पडला. शेवटी कापडच ना ते? मग एवढं महाग का? या प्रश्नापायी इतिहासात शिरलो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजांची शिडं अळशीच्या धाग्याची, म्हणजे लिननची असत. ताण आला की त्यांना पोट सुटायचं. 22 ऑगस्ट 1851 रोजी आमच्या इथल्याच पाण्यात, आइल ऑफ वाइटभोवती शर्यत झाली आणि 'अमेरिका' नावाच्या पाहुण्या बोटीने ती जिंकली. तिच्या बांध्याचं श्रेय आहेच, पण शिडंही यंत्रावर घट्ट विणलेल्या सुताची, सपाट होती. मग इंग्रजही सुताकडे वळले. पण सूत ओलं राहिलं की कुजतं.

1941 साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. इथे त्याचं नाव टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन. हो, आजोबांच्या शर्टाचं तेच टेरिलीन! कुजत नाही, पाणी पीत नाही, फारसं ताणतही नाही. 1950 च्या दशकापासून शिडं त्याची होऊ लागली.

मग गोम कुठे? उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने कापड ताठ राहतं, पण उरेब ओढलं की ताणतंच. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून शिडाचं कापड खूप घट्ट विणतात, तापवून आटवतात, वर राळेसारखा थर जिरवतात. पैसे त्याचे. वर्षानुवर्षं फडफडून तो थर मोडतो, कापड मऊ पडतं. ऊन धागे खातं, आणि आधी खातं ती शिवण. म्हणजे माझ्या ठिगळांनी भोक बुजेल, पण गेलेला आकार परत येणार नाही. शनिवार फुकट!

पण याच इतिहासाने वाटही दाखवली. 1969 ते 1980 या काळात सेंटॉर 2,400 हून जास्त बनल्या. सगळ्यांची मापं जवळपास सारखी. म्हणजे कुणाचं तरी कमी वापरलेलं शीड कुठल्यातरी माळ्यावर असणारच. तिन्ही कडांची मापं घेतली (थोडं लहान चालतं, मोठं नाही) आणि जुन्या शिडांच्या एका विक्रेत्याकडे गेलो. तिथे एक मिळालं. कापड हातात अजून कडकड वाजत होतं. उजेडासमोर धरलं, शिवणीचा धागा नखाने ओढून पाहिला, तुटला नाही. दोनशे पौंड. तिघांत सत्तरसुद्धा नाहीत!

विकायचं म्हणणाराच परवा सुकाणूवर बसला होता, उतरायला तयार नव्हता :)

जाता जाता: 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या 'सुहैली'तून एकटा, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, ती बोट आपल्या मुंबईत बांधलेली. वाटेत शिडं तोच शिवायचा. एकदा तर त्याची मिशीच टाक्यात अडकली! हे वाचल्यावर बोटाला चार वेळा टोचलेल्या सुईचं दुःख फारसं उरलं नाही.

नव्या शिडाला आता एक खोळ शिवतोय. उन्हापासून वाचवायला हवं ना. तुमच्याही घरी माळ्यावर आजोबांचा टेरिलीनचा शर्ट असेल, तर जरा हात फिरवून बघा. पुढच्या शनिवारी भेटूच.