रजा संपली, बाळाच्या दुधाचे काय? नोकरदार आईचे हक्क

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. आज प्रसूती रजा बहुतेकांना माहीत आहे. रजेनंतरचे हक्क मात्र फार थोड्यांना. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

कायदा काय सांगतो?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पुढील तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहेत.

• पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा.
• बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा विश्रांती. त्यासाठी पगार कापता येत नाही.
• ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर. नेहमीची सुट्टी धरून आईला तेथे दिवसातून चार वेळा जाता येते.

१९६१ च्या कायद्याने थेट नेमलेली आणि एजन्सीमार्फत लावलेली, अशा दोन्ही स्त्रिया धरल्या आहेत. म्हणजे कंत्राटावरच्या सफाई कामगार ताईंनाही हे हक्क आहेत.

मालकाने काय करावे?

वेळेवर दूध पाजले किंवा काढले नाही तर छाती दाटते, गाठी होतात आणि हळूहळू दूध आटते. त्यामुळे एसटी स्थानकांवर असतो तसा हिरकणी कक्ष कामाच्या ठिकाणीही हवा. आतून कडी, खुर्ची, हात धुण्यासाठी पाणी, पंपासाठी प्लग आणि दूध ठेवायला फ्रिज एवढे पुरे. शौचालय ही त्याची जागा नव्हे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. सुरुवातीचे काही आठवडे रात्रपाळी टाळावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आईने रुजू होण्यापूर्वीच विश्रांतीच्या वेळा आणि जागा लेखी अर्जात मागाव्यात, पोच घ्यावी. कंत्राटी कामगार असेल तर अर्जाची एक प्रत मुख्य आस्थापनेलाही द्यावी. दाद मिळाली नाही तर कामगार कार्यालयात तक्रार करावी. त्या वेळी ताईंसोबत आपण जावे.

घरकामगार आणि कचरावेचक माता मात्र आजही या तरतुदींच्या बाहेर आहेत. आमच्या मते, पुढचा लढा त्यांच्यासाठी असला पाहिजे.