रंगीत स्लाइड फिल्म : गेली आणि परत आली

मराठीत जिला पारदर्शिका म्हणतात आणि हिब्रूत श्कुफीत, त्या रंगीत स्लाइडचा इतिहास आम्ही या अंकात थोडक्यात देत आहोत. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : आरपार दिसणारी. निगेटिव्हमध्ये रंग उलटे असतात, आणि फोटो कागदावर छापणारा माणूस ते आपल्या अंदाजाने सुलटे करतो. स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म उजेड पाहते, तीच धुऊन पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवतात. मध्ये कोणी छापणारा नाही. म्हणून स्लाइडला साक्षीदाराची किंमत आहे.

पहिली यशस्वी स्लाइड फिल्म कोडाक्रोम. तिचे जनक लिओपोल्ड मान्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोन संगीतकार. दोघेही यहुदी वंशाच्या संगीतकार घराण्यांतले. एक पियानो वाजवी, दुसरा व्हायोलिन. १९१७ साली त्यांनी एक रंगीत म्हणवणारा चित्रपट पाहिला. त्याचे रंग इतके वाईट होते की, आपण याहून बरे करू, असे त्यांनी ठरवले. तेव्हा दोघेही किशोरवयीन होते. पुढे १९३० साली रोचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावले. काम अंधारात चाले आणि उजेडाचे घड्याळ चालत नसे. मग हे दोघे ब्राम्सच्या सिंफनीची धून ठरलेल्या लयीत शिट्टीवर वाजवून सेकंद मोजत. १९३५ साली कोडाक्रोम चलच्चित्रासाठी बाजारात आली आणि १९३६ साली साध्या कॅमेऱ्यासाठी. 'कोडाक्रोम गॉड आणि मॅन यांनी निर्माण केली,' अशी त्यांच्या नावांवरून कोटी होत असे.

कोडाक्रोममध्ये मुळात रंग नसतात. ती तीन थरांची काळी-पांढरी फिल्म असते. धुताना एकेका थरात एकेक रंग भरावा लागतो. हे काम इतके किचकट की, ते मोजक्याच मोठ्या प्रयोगशाळा करू शकत. त्याच १९३६ साली जर्मनीत आग्फा कंपनीने दुसरी वाट काढली : रंग तयार करणारी द्रव्ये आधीच फिल्मच्या थरांत घालायची, म्हणजे धुणे सोपे होते.

या जर्मन फिल्मचा एक उपयोग आपण विसरता कामा नये. पोलंडमधील लोद्झच्या गेटोचा नाझी हिशेबनीस वाल्टर गेनेवाइन हा हौशी छायाचित्रकार होता. गेटोतल्या कारखान्यांचे आणि रस्त्यांचे त्याने रंगीत फोटो काढले. रंग तांबूस येतात, अशी तक्रार त्याने कंपनीकडे लेखी केली. चित्रातली माणसे उपासमारीने मरत होती, त्याबद्दल मात्र त्याची काही तक्रार नव्हती. सुमारे ४०० स्लाइड १९८७ साली व्हिएन्नातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडल्या. आपल्या कारभाराची व्यवस्था दाखवण्यासाठी त्याने काढलेली ही चित्रे आज त्याच्याच विरुद्ध साक्ष देतात.

कोडॅकनेही १९४६ साली रंगद्रव्ये थरांतच असलेली एक्टाक्रोम काढली. ती लहान प्रयोगशाळेत, इतकेच काय, घरीही धुता येई. पुढे १९७०च्या दशकात आलेली ई-६ ही धुण्याची पद्धत आजतागायत चालू आहे. १९६१ साली गोल तबकडीचा कॅरोसेल प्रोजेक्टर आला. भिंतीवर पांढरी चादर लावायची, दिवे मालवायचे आणि साऱ्या घरादाराने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून लग्नाची नि सहलीची चित्रे पाहायची, असा काळ होता तो.

मग डिजिटल कॅमेरा आला. कोडॅकने २००४ साली प्रोजेक्टर बनवणे थांबवले आणि २००९ साली कोडाक्रोम बंद केली. शेवटच्या रोलांपैकी एक कंपनीने छायाचित्रकार स्टीव्ह मकरी यांना दिला. त्यातली काही चित्रे त्यांनी मुंबईत आणि राजस्थानात काढली. जगातली कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावी होती. तिने २०१० अखेर नवे रोल घेणे थांबवले. जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी एक्टाक्रोमही गेली. जपानच्या फुजीने तेवढी स्लाइड फिल्म चालू ठेवली.

पण फिल्मची मागणी पुन्हा वाढू लागली, आणि त्यात तरुण पुढे होते. जानेवारी २०१७मध्ये एक्टाक्रोम परत आणण्याची घोषणा झाली. काम वाटले तितके सोपे निघाले नाही. जुनी कृती कागदावर होती, पण तिच्यातली काही रसायने आता कोणी बनवतच नव्हते. त्यांना पर्याय शोधून कृती नव्याने बसवावी लागली. त्याच वर्षी येणार म्हटलेली फिल्म सप्टेंबर २०१८मध्ये आली. कोडाक्रोम मात्र परत आली नाही. एक्टाक्रोमसाठी ई-६ची दुकाने जगात टिकून होती. कोडाक्रोमसाठी फिल्मबरोबर धुण्याची सारी यंत्रणाही नव्याने उभारावी लागली असती. एखादी विद्या पुस्तकात लिहिलेली असून भागत नाही, ती करणारे हात टिकावे लागतात. आपल्या मलिद्याबद्दल आणि कीर्तनांबद्दलही हेच म्हणता येईल.

आता घरच्या डब्यांविषयी. ज्यांच्याकडे जुन्या स्लाइड आहेत त्यांनी त्या चौकटीवरचे नाव पाहावे. कोडाक्रोमचे रंग अंधारात फार वर्षे टिकतात, पण प्रोजेक्टरच्या दिव्यात लवकर उडतात. म्हणून मूळ स्लाइड पुन्हापुन्हा दाखवू नये. सुरुवातीच्या एक्टाक्रोम स्लाइड आज बहुधा लालसर झालेल्या दिसतील. त्यांची डिजिटल प्रत आधी करून घ्यावी. न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर त्यातून आज फार तर काळी-पांढरी चित्रे मिळतील.

आणि प्रत्येक चौकटीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावे. फिल्म कंपनीने परत आणली. चित्रातली आजी कोणाची, मागे दिसणारे सिनेगॉग अलिबागचे की पनवेलचे, हे सांगणारी माणसे कोणतीही कंपनी परत आणणार नाही. ती आज आपल्यात आहेत. त्यांच्याशेजारी बसून विचारून घेऊ या.