घरी सर्किट बोर्ड कोरताना उडणारी धूळ कशाची असते? ती आवरायची कशी?

यवतमाळ किंवा पुसदच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी बहुतेक वेळा एकच सर्किट बोर्ड हवा असतो. बाहेरून मागवला तर वाट पाहावी लागते. फेरिक क्लोराइडमध्ये घरी केला तर फरशीवर न निघणारे डाग पडतात. मग टेबलावर मावणारं छोटं सीएनसी मशीन बरं वाटतं. त्याचा टोकदार बिट नको असलेलं तांबं खरवडून काढतो आणि आजूबाजूला पिठासारखी भुकटी साचते. बहुतेक जण ती फुंकर मारून उडवतात. नेमकं तेच करायचं नसतं.

हिरवट-पिवळसर, किंचित आरपार दिसणारा बोर्ड म्हणजे एफआर-४. दुकानात त्याला 'ग्लास इपॉक्सी' म्हणतात. त्यात इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड असतं. बिट तांब्याखाली गेला की काच आणि रेझिन दोन्ही उडतात. त्वचेला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. काचेच्या अशा सलग धाग्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं नाही, पण म्हणून ती भुकटी श्वासात घेण्याजोगी होत नाही.

सगळ्यात सोपा उपाय बोर्ड विकत घेतानाच करता येतो. एफआर-१, म्हणजे तपकिरी 'पेपर फिनॉलिक' बोर्ड. यात काचेऐवजी कागद असतो. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब सुरू झाली. जगभरच्या अशा फॅब लॅबमध्ये बोर्ड कोरायला सहसा एफआर-१च वापरतात. बिटही जास्त टिकतो. अर्थात, ही धूळसुद्धा नाकात जाऊ नये.

दुसरा उपाय खोलीचा. तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३५ मिलिमीटरचा असतो. ०.१ मिलिमीटर खोल कोरलं तरी पुरतं. बोर्ड वाकडा असला की कुठेच तांबं राहू नये म्हणून लोक खोली वाढवत जातात आणि धूळही वाढते. त्यापेक्षा बोर्ड दुहेरी टेपनं सपाट चिकटवावा.

उरलेली धूळ बिटजवळ नळी धरून व्हॅक्यूम क्लीनरनं ओढावी. साध्या कापडी पिशवीतून बारीक कण परत बाहेर येतात, म्हणून हेपा फिल्टर हवा. काम चालू असताना एन-९५ मास्क आणि चष्मा लावावा. कोरण्याच्या जागी हलक्या मशीन ऑइलचे थेंब टाकले तर भुकटी उडत नाही, तिचा लगदा होतो. नंतर ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. झाडू आणि कॉम्प्रेसर दोन्ही लांब ठेवावेत.

विदर्भातल्या उन्हाळ्यात पंखा किंवा कूलर बंद ठेवून काम करणं नको वाटतं, पण तो चालू राहिला तर भुकटी घरभर जाते. या भुकटीत तांबं असतं आणि स्वस्त मशीनचा कंट्रोलर बोर्ड अनेकदा उघडाच असतो. त्यावर ती साचली की शॉर्ट सर्किट होऊ शकतं.