वारसा की मालमत्ता? : एलिझाबेथ मान बोर्गेझे

थॉमस मान यांच्या १९२५ सालच्या एका दीर्घकथेत, घरच्या मेजवानीत आपल्याशी नाचलेल्या तरुणासाठी रात्री हुंदके देणारी एक चिमुरडी आहे. ती त्यांच्या धाकट्या कन्येवरून, एलिझाबेथवरून रेखाटलेली. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी एलिझाबेथ मान बोर्गेझे यांची दखल बहुधा एवढीच घेतली. आमच्या मते हा अन्याय आहे. ज्या एका शब्दासाठी त्यांनी निम्मे आयुष्य वेचले, तो वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी तरी समजून घ्यायला हवा.

जन्म १९१८चा, म्युनिकचा. १९३३ साली कुटुंब देशोधडीला लागले. झुरिकमध्ये त्या पियानो शिकल्या आणि १९३९ साली छत्तीस वर्षांनी वडील असलेल्या जुझेप्पे आंतोनियो बोर्गेझे या इटालियन समीक्षकाशी त्यांनी विवाह केला. फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ नाकारून ते अमेरिकेत राहिले होते. हिरोशिमानंतर शिकागोत काही विद्वानांनी जागतिक राज्यघटनेचा मसुदा हाती घेतला. त्या कामात हे दांपत्य होते. १९४८च्या त्या मसुद्यात पृथ्वी, पाणी, हवा आणि ऊर्जा ही मानवजातीची सामायिक मालमत्ता ठरवली होती. शीतयुद्धाने तो मसुदा कपाटात टाकला.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडले, की राष्ट्रीय हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा मानावा. जुन्या मसुद्यातली ‘मालमत्ता’ जाऊन येथे ‘वारसा’ आला. फरक वरवरचा नाही. रोमन परंपरेतल्या मालकीत वस्तू वापरण्याबरोबर ती नासण्याचाही हक्क येतो. वारसा मात्र मिळतो तो पुढे सोपवण्यासाठी. पार्दोंचा मुद्दा बोर्गेझेबाईंनी उचलला आणि अखेरपर्यंत सोडला नाही. १९७० साली माल्टात त्यांनी सागरी शांततेवर परिषद भरवली. १९७२ साली तेथेच आंतरराष्ट्रीय सागर संस्था स्थापन केली, तिचे एक केंद्र पुढे मद्रासच्या आयआयटीत निघाले. १९७३पासून चाललेल्या सागरी कायदा परिषदेत त्या ऑस्ट्रियाच्या शिष्टमंडळात होत्या. म्हणजे समुद्रकिनाराच नसलेल्या देशाच्या! यात विनोद आहे खरा. पण सामायिक वारशाचा अर्थही तोच.

१९८२ साली माँटेगो बे येथे संहितेवर सह्या झाल्या. तिच्या १३६व्या कलमात ‘वारसा’ हा शब्द टिकला. धनिक राष्ट्रांनी मात्र समुद्रतळाच्या प्रकरणावर अडवून धरले, आणि १९९४ साली संहिता अमलात आली ती छाटणी होऊनच: तंत्रज्ञान विकसनशील देशांना देण्याची सक्ती गेली, उत्पादनावरच्या मर्यादा गेल्या. शब्द राहिला, त्याचे दात काढले गेले, असे आम्ही म्हणू. आपल्याकडेही ही गोष्ट दूरची नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने १९८१ साली हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोटे वर काढले, आणि १९८७ साली भारताची अग्रणी गुंतवणूकदार म्हणून नोंदणी झाली. वारसदार आणि खाणवाला अशा दोन्ही भूमिका एकाच अंगावर घेणे सोपे नसते.

बोर्गेझेबाई २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. तोवर त्या कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात शिकवीत होत्या. २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या समुद्रतळावरही खाणकामाचे परवाने देण्याचा आदेश काढला. अमेरिका या संहितेत कधी सामील झालीच नव्हती. आदेशाची तारीख होती २४ एप्रिल, बोर्गेझेबाईंचा जन्मदिवस.