टेपची वही

2004 च्या आसपास मी औरंगाबादेत, पैठण गेटजवळच्या एका स्टुडिओत कामाला होतो. लग्नाचं ‘मिक्सिंग’ हा आमचा मुख्य धंदा. माझं काम त्याआधीचं: टेप पाहायची, वहीत नोंद करायची आणि लागेल तेवढंच कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं.

‘लागेल तेवढंच’ला कारण होतं. मिनी-डीव्ही कॅसेट 60 मिनिटांची. फायरवायरच्या केबलने ती उतरवायलाही 60 मिनिटंच लागत, कारण टेप जशी चालेल तसंच चित्र आत यायचं. तासाला सुमारे 13 जीबी. आमची हार्ड डिस्क 40 जीबीची. विंडोजची जागा सोडली तर 3 कॅसेटही मावायच्या नाहीत.

म्हणून वही. टेप नंबर, इन, आउट, काय आहे, चांगलं की टाकाऊ. इन-आउट म्हणजे टाइमकोड: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम. हे आकडे दिले की सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातली टेप स्वतःच मागे-पुढे पळवून नेमके तेवढेच तुकडे उचलायचं. मात्र शूटिंग करताना मध्ये कोरी टेप सुटली, तर टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचा आणि एकाच टेपवर दोन ‘पाचवी मिनिटं’ तयार व्हायची.

लग्नात नोंद हुकली तर फार तर मामा दोनदा दिसायचे. 14 जानेवारीच्या टेपांचं तसं नव्हतं. 1978 साली विधिमंडळात ठराव झाल्यानंतर 16 वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी लोक विद्यापीठाच्या गेटवर जमतात. तेच गेट, तेच निळे झेंडे, तशीच गर्दी. लेबलवर नुसतं ‘गेट, 14 जाने.’ असेल, तर साल कोण सांगणार?

एकदा एक ताई वडिलांचं गाणं शोधत आल्या. वडील वारले होते, घरात त्यांचा आवाज कुठेच नव्हता. वहीत सापडलं: ‘टेप 3, 00:23:10, हलगी, म्हातारे शाहीर, आवाज चांगला.’ जेमतेम 40 सेकंद. त्यांनी ते उभ्यानेच तीनदा ऐकलं.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ 2011 साली आला. 1997 च्या रमाबाई नगर गोळीबारापासून 14 वर्षांचं चित्रण त्यामागे आहे. एवढ्या पसाऱ्यात कुठे काय आहे हे माहीत नसेल, तर एडिटिंग सुरूच होऊ शकत नाही.

आता घाई वेगळी आहे. 2016 साली जपानच्या फुनाईने व्हीसीआर बनवणं थांबवलं. 2019 मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या जागतिक संघटनेने इशारा दिला, की टेप वाचणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग 2025 च्या सुमारास दुर्मीळ होतील. यंत्र कमी आणि टेप ढीगभर, तर आधी कोणती लावायची? जिच्यावर काही लिहिलंय ती. बाकीच्या वाट पाहतात, आणि तोवर त्यांना बुरशी लागते.

तुमच्या फोनला व्हिडिओची तारीख कळते, जागाही कळते. गाणारा माणूस कोण, हे मात्र अजूनही कोणीतरी लिहावंच लागतं.